दोन बोटं कमी पडणारी दोरी



कार्तिक सुरू आहे. आमच्या सोसायटीमागच्या विठ्ठल मंदिरात पहाटेचा काकडा चालू आहे, आणि आपलं रोजचं वाचन आज भागवताच्या दशम स्कंधातल्या नवव्या अध्यायापाशी आलंय. म्हणजे दामोदर लीला. गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी थोडक्यात सांगते.

यशोदा दही घुसळतेय. कृष्ण येऊन मांडीवर बसतो. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं आणि ती त्याला खाली ठेवून धावते. तो चिडतो, दह्याचं मडकं फोडतो आणि आत जाऊन माकडाला लोणी वाटत बसतो. ती छडी घेऊन मागे लागते, पकडते आणि उखळाला बांधायला जाते. दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी दोरी जोडते, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात, दोन बोटं काही भरून निघत नाहीत. ती घामाघूम होते, केस सुटतात. आईची ती अवस्था बघून शेवटी तो स्वतःच बांधून घेतो.

दरवर्षी या दिवशी मी 'देव प्रेमानं बांधला जातो' असं काहीतरी गोड लिहायचे. यंदा जरा वेगळं लिहिणार आहे. उद्या सकाळी आमच्या लेकीची बाविसावी सोनोग्राफी आहे, आणि गेली पाच वर्षं माझ्याही हातात एक दोरी आहे. मोजायचा टेप. तोही कधी पुरत नाही.

तिच्या आजाराबद्दल मी इथं आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहितेय, कारण मला एक चूक कबूल करायची आहे. पण आधी आजार सांगते, म्हणजे चूक समजेल.

लेक जन्मली तेव्हा तिचं वजन चार किलो दोनशे ग्रॅम होतं. आपल्याकडे सव्वादोन-अडीच किलोची बाळं बघायची सवय, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये कौतुकच कौतुक. "काय बाळसं आहे हो!", "दृष्ट काढा तिची." आजेसासूबाईंनी कपाळावरचा लालसर डाग बघून सांगितलं की पोर देवाघरून कुंकू लावूनच आलीय. पेढे वाटले. तिची जीभ थोडी बाहेर राहत होती, बेंबी जरा जास्त वर आलेली होती, कानाच्या पाळ्यांवर बारीक रेघा होत्या. आम्हाला सगळं गोडच वाटत होतं.

काही तासांतच तिची रक्तातली साखर धोक्याच्या खाली गेली. एनआयसीयूमध्ये सलाइनमधून ग्लुकोज सुरू झालं. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी जीभ, बेंबी, कान, कपाळ, साखर हे सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि आम्हाला बसवून घेतलं. आम्ही ज्या खुणांचं कौतुक करत होतो, त्या सगळ्या एकाच आजाराच्या होत्या. बेकविथ-वीडमन सिंड्रोम. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट बेकविथ यांनी १९६३ मध्ये आणि जर्मनीतले बालरोगतज्ज्ञ वीडमन यांनी १९६४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा मुलांची नोंद केली. साधारण १० ते १४ हजार जन्मांमागे एखादं बाळ असं असतं. शरीर, किंवा शरीराचा काही भाग, प्रमाणाबाहेर वाढतो.

तिची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी आहे. उजवा गाल, उजवा हात, उजवा पाय. दोन्ही पायांच्या लांबीत आज साधारण एका बोटाचा फरक आहे, म्हणून डाव्या बुटाच्या तळाला जाड थर लावून घ्यावा लागतो. आमच्या चौकातले चांभारकाका ते काम इतकं नीट करतात की बाहेरून कळतही नाही. चौदा महिन्यांची असताना जिभेचं ऑपरेशन झालं, कारण दूध पिताना आणि झोपेत श्वास घेताना तिला त्रास व्हायचा. बोलणं अजून थोडं बोबडं आहे. बुद्धी मात्र तल्लख आहे, आणि हट्टीपणा माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच.

हे सगळं निभावता येतं. रात्रीची झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीनं. या मुलांना लहान वयात किडनीत किंवा यकृतात कॅन्सरची गाठ होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. बहुतेकांना ती कधीच होत नाही. पण झाली तर भराभर वाढते, आणि लहान असताना सापडली तर उपचार चांगले लागू पडतात. म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. साधारण सात वर्षांची होईपर्यंत. वर्षाला चार, सात वर्षांत अठ्ठावीस. विठ्ठलाच्या माणसाला हा आकडा ऐकून कोण आठवणार ते सांगायला नको. मीही मनात म्हटलं, तू उभा राहिलास ना, मग आम्हीही राहू.

आता चूक.

लेकीच्या जन्माआधी दोन वर्षं मी एका गीता अभ्यासवर्गात जायचे. रविवारी सकाळी दहा-बारा जण जमायचो. बहुतेक आयटीवाले, वाचनाची आवड असलेले, आणि खरं सांगायचं तर आपल्याला बरंच कळतं असं वाटणारे. मी त्यात सगळ्यात पुढे. तिथं एक ताई यायच्या. त्यांच्या मुलाला फिट्स यायच्या. तो कधीकधी सोबत असायचा, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. एका रविवारी कर्मावर चर्चा चालली होती आणि त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मग माझ्या मुलानं काय केलं असेल?"

सगळे गप्प. मी मात्र गप्प बसले नाही. मी समजावून सांगितलं. संचित म्हणजे काय, प्रारब्ध म्हणजे काय, जीव आपल्या कर्मानुसार देह कसा घेतो, आणि भोगून संपलं की कसं मोकळं होतं. उदाहरणंही दिली. ताईंनी मान हलवली. घरी येताना मला वाटलं, आज छान मांडलं आपण.

त्या पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. का येत नाहीत, हे मी विचारलंही नाही.

लेक सहा महिन्यांची असताना आमच्याकडे सत्यनारायण होता. सासूबाईंच्या नात्यातल्या एक आत्या तिच्या बाहेर आलेल्या जिभेकडे बघत राहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं पोटुशी असताना? काही चिरलंबिरलं होतंस का?" मला राग आला, पण हसले. ग्रहणाचं काय, विज्ञान शिकलोय आपण. मग दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, "जाऊ दे, मागच्या जन्मीचं देणं असतं एकेकाचं."

हे मात्र मला हसता आलं नाही. ते वाक्य माझंच होतं. फरक इतकाच की मी ते संस्कृत शब्द वापरून म्हटलं होतं.

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. कपाळावरचा डाग सगळ्यांना आधी देवाघरचं कुंकू वाटला होता. आजाराचं नाव कळल्यावर तोच डाग पापाची खूण झाला. डाग तोच, पोर तीच. चांगलं वाटलं की देवाचा प्रसाद आणि वाईट कळलं की कुणाचा तरी दोष, असं आपण ठरवून टाकतो, आणि वर त्याला शास्त्राचं नाव देतो.

तुम्हाला वाटेल, बाहेरचे लोक बोलणारच. पण सगळ्यात कडक कोर्ट माझ्याच डोक्यात भरलं होतं. नऊ महिने लॅपटॉप पोटावर ठेवून काम केलं, त्यानं झालं का? तिसऱ्या महिन्यात रिलीजसाठी रात्र रात्र जागले, त्यानं? रोजचा जप सुटला होता, त्यानं? रोज नवा आरोप, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात रोज मीच.

मग जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. समुपदेशक बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात. पण काही मोजक्या जनुकांवर शरीर खूण करून ठेवतं: याची फक्त आईकडची प्रत चालू, त्याची फक्त बाबांकडची. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाला अशी काही जनुकं शेजारीशेजारी आहेत. वाढीला जोर देणारं एक जनुक बाबांकडच्या प्रतीवरून चालतं. वाढीला ब्रेक लावणारं दुसरं आईकडच्या प्रतीवरून. दोन्ही मिळून बाळ प्रमाणात वाढतं.

या आजाराच्या जवळजवळ निम्म्या मुलांमध्ये आईकडच्या प्रतीवरची खूणच पुसली गेलेली असते. काही थोड्या घरांमध्ये ब्रेकच्या जनुकातला बदल पिढीतून पुढे आलेला असतो. आणि पाचातल्या साधारण एका मुलात आमच्या लेकीसारखं होतं: गर्भ अगदी थोड्या पेशींचा असताना, पेशी दुभंगताना, एका पेशीत त्या टोकाचा आईकडचा तुकडा जातो आणि त्याजागी बाबांकडच्या तुकड्याचीच दुसरी प्रत येते. जोर दुप्पट, ब्रेक नाही. त्या एका पेशीपासून पुढे ज्या पेशी झाल्या, त्या सगळ्या तशा. म्हणून शरीराचा काही भाग तसा आणि काही भाग नेहमीसारखा.

"हे कशामुळे होतं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "पेशी दुभंगताना घडतं. तुमच्या खाण्यापिण्यानं, कामानं, वागण्यानं नाही. आणि या प्रकारात पुढच्या बाळाला असंच होण्याची शक्यता अगदीच कमी असते."

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं ना? घरी आलो आणि दोघंही दोन टोकांना बसलो. माझ्या डोक्यात एकच: तिच्या त्या पेशींमध्ये तेवढ्या जागी मी नाहीच. आईचा ब्रेक होता, तोच नाही. तेवढ्याशा ठिकाणी मी तिला कमी पडले. बऱ्याच वेळानं नवरा म्हणाला, "म्हणजे सगळं माझंच जास्त झालं. माझ्यामुळेच वाढतंय ते."

एकच रिपोर्ट. त्यात मला माझा दोष दिसला, त्याला त्याचा. आत्यांनी वाचला असता तर त्यांना ग्रहण दिसलं असतं.

मित्रांनो, मला आज जे सांगायचंय ते हेच आहे. कारण शोधणं आणि दोष शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो, आणि ती गल्लत फार महागात पडते.

कारण कळलं की पुढे काय करायचं ते कळतं. लेकीचा प्रकार कळला म्हणून गाठीचा धोका कुठे जास्त आहे ते कळलं, सोनोग्राफी किती दिवसांनी आणि किती वर्षं करायची ते ठरलं, पुढच्या बाळाबद्दल निर्धास्त होता आलं. दोष सापडला तर काय कळतं? कुणाकडे बोट दाखवायचं, एवढंच. त्यानं पोरीची एकही तपासणी होत नाही, बुटाचा एकही थर लागत नाही.

इथं तुमच्यातले काही जण विचारतील, आणि विचारायलाच हवं: मग कर्मसिद्धांत सोडून द्यायचा का? लेकराला असा आजार का झाला याला काहीच उत्तर नसेल, तर जग न्यायानं चाललंय असं कसं म्हणायचं?

मी कर्मसिद्धांत सोडलेला नाही. पण गीतेचा चौथा अध्याय पुन्हा नीट वाचला. तिथं कृष्ण अर्जुनाला स्पष्ट सांगतो की मागचे जन्म त्याचे त्याला ठाऊक आहेत, अर्जुनाला नाहीत. त्याच अध्यायात पुढे तो कर्माची गती समजायला कठीण असल्याचंही सांगतो. मी हे दोन्ही श्लोक त्या वर्गात म्हणून दाखवले होते, चालीवर. आता विचार करा. प्रत्यक्ष भगवान ज्याचा सारथी, त्या अर्जुनाला स्वतःचा मागचा जन्म ठाऊक नाही. आणि मला रविवारी सकाळी चहा घेता घेता एका अनोळखी मुलाचा मागचा जन्म ठाऊक होता!

न्याय आहे, असं मी मानते. पण तो निकाल वाचण्याचा अधिकार माझ्याकडे दिलेला नाही. दुसऱ्याच्या बाबतीत नाही, आणि स्वतःच्या बाबतीतही नाही. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे. लोकांना दोष देणं मी थांबवलं, तरी स्वतःला शिक्षा देणं चालूच होतं, आणि मला ते भक्तीचं लक्षण वाटत होतं. नम्रता वाटत होती. पण ज्या मागच्या गोष्टी मला माहीतच नाहीत, त्यांची शिक्षा ठरवत बसणं ही नम्रता नव्हे. ते देवाच्या खुर्चीत जाऊन बसणं झालं. आरोपी मी स्वतःच असले, म्हणून खुर्ची माझी होत नाही.

अर्जुनाला कृष्ण त्याच्या मागच्या जन्मांची यादी देत बसला नाही. आता उठ, समोरचं काम कर, हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कर्म हा शब्द आपण मागे वळून बघायला वापरतो. गीता तो पुढे बघायला वापरते.

आता परत यशोदेकडे येऊ.

ती दोरी दोन बोटं कमी पडते तेव्हा ती काय करते? माझ्या कोणत्या पापानं दोरी पुरत नाही, असं ती विचारत नाही. दोरी कुणी कमी विणली, असंही नाही. भागवतात सांगितलंय की आजूबाजूच्या गोपी हसतात, तीही हसते, थक्क होते. आणि दुसरी दोरी आणते. मग तिसरी. परंपरेत या दोन बोटांचा एक सुंदर अर्थ सांगतात: एक बोट आपल्या प्रयत्नाचं, एक बोट त्याच्या कृपेचं. दुसरं बोट आपल्या हातात नाही. पण यशोदा पहिलं बोट सोडत नाही.

आणखी एक. इतकी वर्षं दामोदर लीला वाचते, पण ही गोष्ट त्या रिपोर्टनंतरच जाणवली. कृष्णात यशोदेचा एक कणही नाही. तो देवकीचा. कुठल्याही कागदावर यशोदेची खूण सापडली नसती. तरी त्याला यशोदेचा म्हणायला कुणाला कधी अडलं का? आणि मी एका टोकाएवढ्या तुकड्यासाठी रडत बसले होते. ते ज्या रात्री लक्षात आलं, त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले.

पण मी तुम्हाला खोटं चित्र दाखवणार नाही. चौदाव्या सोनोग्राफीच्या वेळी डावीकडच्या किडनीत काहीतरी दिसलं. डॉक्टरांचा हात त्या जागी थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. एमआरआय झाला, रिपोर्ट येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत माझं निष्काम वगैरे काही राहिलं नाही. मी नवस बोलले. हे घे, ते घे, पण एवढं दे. नाम घ्यायला बसले तर तोंडात नावाऐवजी किडनी, किडनी एवढंच यायचं. मध्येच जुनं कोर्टही पुन्हा भरलं: तू त्या ताईंना बोललीस ना, त्याचंच हे.

ती पाण्याची साधी गाठ निघाली. अशा मुलांमध्ये ती असू शकते. बाकी काही नाही.

हा देवानं ऐकल्याचा पुरावा, असं मी लिहिणार नाही. कारण त्याच दिवशी, त्याच बाकावर, माझ्या शेजारी बसलेल्या एका आईचा रिपोर्ट तसा आला नव्हता. तिनं माझ्यापेक्षा कमी हाक मारली असेल का? 'माझ्या प्रार्थनेनं झालं' असं मी म्हटलं, तर तिच्याबद्दल काय म्हटल्यासारखं होईल? म्हणजे पुन्हा तेच. चांगल्या रिपोर्टचं श्रेयसुद्धा फिरून कुणाच्या तरी दोषापाशी जाऊन पोहोचतं.

मग प्रार्थना करायची की नाही? मी करते. चांगला रिपोर्ट मागते, अगदी मनापासून मागते. आई आहे, न मागायचं सोंग आणू शकत नाही. फळाची ओढ माझी सुटलेली नाही, कदाचित सुटणारही नाही. फक्त एवढं शिकलेय की ती ओढ हात धरून ठेवत असेल तर त्या क्षणी बाजूला ठेवायची. टेबलावर लेकीला झोपवायचं आहे, तिचा टीशर्ट वर करायचा आहे, जेल थंड लागतं म्हणून आधी माझ्या तळहातावर घेऊन दाखवायचं आहे. तेवढा वेळ तरी मी तिच्याजवळ असावं, निकालाजवळ नाही.

तिच्या आणि माझ्या या वाऱ्यांची आता एक पद्धत झालीय. उपाशीपोटी जायचं. भिंतीवर गर्भलिंग तपासणी केली जात नाही असा बोर्ड असतो, त्यातली ओळखीची अक्षरं ती शोधते. समोर कुणीतरी म्हणतं, "केवढी मोठी आहे, आणि अजून अशी बोलते?" आठ वर्षांची दिसते, आहे सव्वापाचची. पूर्वी मी सगळा आजार समजावून सांगत बसायचे, जणू सफाई देतेय. आता तीच सांगते, "मी पाच वर्षांची आहे. माझा एक पाय लवकर मोठा झाला." कारण सांगून मोकळी होते. दोष तिच्या वाक्यात येतच नाही. घरी येऊन दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीची रेघ मारायची, पायांची मापं वहीत लिहायची. डॉक्टर म्हणतात, सात-आठ वर्षांनंतर वाढीचा हा वेग हळूहळू कमी होत जातो. तोपर्यंत टेप पुरणार नाही, हे मी धरून चालले आहे.

राहिली ती चूक.

गेल्या आठवड्यात हा अध्याय जवळ येतोय हे बघून मी जुन्या ग्रुपमधून ताईंचा नंबर शोधला. दोन दिवस नुसता बघत राहिले. मग फोन केला. ओळख दिली, लेकीबद्दल सांगितलं, आणि म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी जे बोलले, ते मला बोलायचा काही अधिकार नव्हता. माफी मागायला फोन केलाय. फार उशीर झालाय, कळतंय मला."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझं उत्तर मला आठवतही नाही गं नीट. आठवतं ते एवढंच, की मुलगा मांडीवर झोपला होता, मला तहान लागली होती, आणि दीड तास मी पाणी प्यायला उठले नव्हते. इतके जण होतात तुम्ही, वाटलं होतं, कुणीतरी त्याला दोन मिनिटं धरेल."

मी काय बोलणार? इतके श्लोक पाठ होते माझे, आणि पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता.

मग त्यांनीच विचारलं, "उद्या-परवाकडे तपासणी असते म्हणालीस ना? सोबत कोण असतं?" म्हटलं, नवऱ्याला यावेळी सुट्टी नाही, आम्ही दोघीच. त्या म्हणाल्या, "मी येते. तू आत जाशील तेव्हा पिशव्या कुणीतरी धरायला नको का?"

उद्या सकाळी साडेआठला त्या दवाखान्याच्या दारात भेटणार आहेत.

तर आजच्या चिंतनातून आपण आजपुरतं एवढंच घेऊ या. तुमच्या ओळखीत कुणाचं मूल आजारी असेल, कुणावर न कळणारं दुःख आलं असेल, तर ते का आलं याचं उत्तर आज द्यायचं नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. त्यांना काय हवंय ते विचारायचं. विचारायची हिंमत होत नसेल तर पाणी द्यायचं. आणि तुमच्यातलं कुणी माझ्यासारखं स्वतःच्याच कोर्टात रोज उभं राहत असेल, तर आज एक दिवस हजर राहू नका. तेवढ्या वेळात पुढची दोरी शोधा.

पांडुरंगा, दोन बोटं माझ्यानं पुरणार नाहीत हे तुला माहीत आहे. माझ्या वाटचं एक बोट तेवढं माझ्याकडून सुटू देऊ नकोस.

उद्याचं वाचन दहावा अध्याय. दवाखान्यातून घरी आल्यावर लिहीन, म्हणून थोडा उशीर होईल.

राम कृष्ण हरी.